आमेनच्या आधी

“दुसरी काही औषधं चालू आहेत का?” डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता, वर न बघता विचारलं आणि कृपाच्या तोंडून “नाही” गेलं. ती म्हणाली असं नाही, गेलं. शेजारच्या खुर्चीत तिच्या सासूबाई, राहीबाई, मांडीवर कापडी पिशवी धरून बसल्या होत्या आणि भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे कौतुकानं बघत होत्या. डॉक्टरीणबाईंचं पेन पुढं सरकलं. तिसरा महिना लागलाय, जड उचलू नका, लोहाच्या गोळ्या जेवणानंतर. पुढची बाई आत आली, तिच्यामागून आणखी कुणाची तरी सासू आली, आणि त्या दोघी सावेडीच्या रस्त्यावर उन्हात रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे कृपाला माहीत होतं. लग्नाला पाच वर्षं होऊन गेल्यावर दिवस राहिले होते. शाळेत मुलांकडून घोकून घेतलेल्या पाढ्यासारखं तिनं ते मनात एकदा म्हणून पाहिलं, आनंद, आनंद. काही हललं नाही. हललं होतं ते त्या ‘नाही’नं. दोन वर्षांपूर्वी ती ज्याला त्याला जीव तोडून सांगत होती, मला कसंतरी होतंय, मला काही वाटतच नाही, तेव्हा कुणाला पटत नव्हतं. आज एक साधं खोटं बोलली तर शिकलेल्या डॉक्टरीणबाईंनी ते चटकन मानलं. रिक्षा आली. राहीबाई म्हणाल्या, “हळू बस गं बाई. आता तू एकली न्हाईस.”

ती एकटी नव्हतीच. साडीच्या पदराला गाठ होती आणि गाठीत संध्याकाळची गोळी होती, छोटी, पिवळी, हरभऱ्याच्या डाळीएवढी. सकाळी शाळेत जाण्याआधी ती पाकिटातून एक काढून पदराला बांधून ठेवी, आणि संध्याकाळी घरातल्या प्रार्थनेच्या वेळी घेई. घरात सगळ्यांचे डोळे एका वेळी मिटलेले असतात ते तेवढ्यातच. दिवेलागणीला सतरंजी अंथरली जायची, राहीबाई मध्ये बसायच्या, तिच्या नवऱ्याची, अँड्र्यूची, कारखान्यात पाळी नसली तर तो भिंतीला टेकायचा, आणि राहीबाईंची प्रार्थना सुरू व्हायची. ती नेहमी एकाच वाटेनं जायची. आधी देवाचे उपकार, मग चर्चचे पाळकसाहेब आणि त्यांचं गुडघ्याचं दुखणं, मग राज्य चालवणारे, मग नेवाशाकडचं त्यांचं गाव, जिथं सासरे मंडळीचे मास्तर होते, तिथला पाऊस, तिथलं प्रवरेचं पाणी, मग आजारी माणसं नावानिशी, आणि शेवटी आपलं घर. प्रार्थना गावच्या पावसाला पोचली की कृपा गाठ सोडायची. पाणी घेता येत नसे. गोळ्यांनी तोंड आधीच सुकलेलं असायचं, म्हणून ती पाळकसाहेबांच्या गुडघ्यापासूनच तोंडात थुंकी गोळा करायला लागायची, आणि आजाऱ्यांच्या नावांपर्यंत गोळी खाली गेलेली असायची. एकदा ती घशात अडकली, डोळ्यांत पाणी आलं, ठसका बसला. राहीबाईंना वाटलं सुनेला पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला. त्या दिवशी त्यांनी आमेन फार मोठ्यानं म्हटलं आणि रात्री जेवताना तिच्या ताटात जास्तीचं तूप वाढलं.

आजारपणाला कारण असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुष्कळदा वाटे. कुणी मेलं नव्हतं, कुणी टाकलं नव्हतं, अँड्र्यू दारू पीत नव्हता, शाळेत मुलं तिला बिलगत होती. ती गाणं शिकवायची आणि रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवायची. एका रविवारी गीताच्या मध्येच तिला कळेना की हे सूर एकामागून एक का वाजवायचे. पाय थांबले. भात्यातली हवा संपली, पेटी कण्हली आणि गप्प झाली. मंडळी मात्र तशीच गात राहिली, त्यांना काही फरक पडला नाही. त्यानंतर सकाळी उठणं म्हणजे ओल्या गोधडीखालून बाहेर येणं झालं. ती न्हाणीघरात बादलीकडे बघत बसे, भाजी जळे, अँड्र्यू हाक मारी. माणसं विचारत, “झालं काय पण?” आणि ती खरं सांगे, “काही नाही.” तेच त्यांना सोसत नसे. शेवटी अँड्र्यूनं तिला माळीवाड्यातल्या डॉक्टरकडे नेलं. पाटीवर ‘मनोविकार’ असं लिहिलेलं होतं, म्हणून त्यानं स्कूटर दोन दुकानं पलीकडे उभी केली. डॉक्टर म्हणाले, “गोळ्यांना गुण यायला वेळ लागतो, तीन-चार आठवडे धीर धरा.” त्याच आठवड्यात गावाकडून राहीबाई राहायला आल्या. त्यांना कुणी गोळ्यांचं सांगितलं नाही. त्यांनी सुनेचं तोंड पाहिलं, पिशवीतून बायबल काढलं आणि शुक्रवारचे उपास धरले. पुढं कृपाला हळूहळू भाजीचा वास येऊ लागला. एका सकाळी ती आपणहून उठून केस विंचरायला बसली. गोळी आणि उपास दोघांनी एकदमच कामाला हात घातला होता. गुण कुणाचा म्हणायचा हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

राहीबाईंना मात्र शंका नव्हती. कापणीच्या सणाला त्यांनी साक्ष दिली. त्या सणाला चर्चमध्ये वेदीपुढं भोपळे, उसाच्या मोळ्या, बाजरीची कणसं, पाय बांधलेल्या कोंबड्या मांडतात. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. आणि ज्याच्यावर देवाचा काही उपकार झाला असेल तो उभा राहून मंडळीसमोर सांगतो. राहीबाई गावाकडची एक तांबडी कोंबडी काखेत घेऊनच उभ्या राहिल्या. “माझी सून मेल्यावानी झालती,” त्या म्हणाल्या. “खात न्हवती, बोलत न्हवती. डाक्टर न्हाई, औषीद न्हाई, निस्ता उपास आन् प्रार्थना. आन् ती बगा, तितं पेटीवर बसलीया!” सगळी मंडळी वळून पेटीकडे बघू लागली. कोंबडी ओरडली. “हालेलुया,” कुणीतरी म्हणालं, मग सगळेच म्हणाले, आणि पाळकसाहेबांनी मान हलवून खूण केली, म्हणून कृपानं उपकाराचं गीत वाजवलं. तेव्हा पदराच्या गाठीत गोळी होती. घरी आल्यावर अँड्र्यू बूट काढता काढता म्हणाला, “आता आईला कसं सांगायचं? चारचौघांत साक्ष देऊन बसली. राहू दे. ती खूश आहे, तू बरी आहेस, बिघडलं कुठं?” आणि खरोखरच कुठं काही बिघडलं नव्हतं. आत थोडं बधिर असायचं, दात काढल्यावर जबडा असतो तसं, पण बधिर जबड्यानं जेवता येतं, बोलता येतं, मुलांना सा रे ग म शिकवता येतं. भिंगारच्या बाजूनं सकाळी लष्कराच्या गाड्या जायच्या त्याही तिला पुन्हा ऐकू यायला लागल्या होत्या. एवढं पुष्कळ होतं.

रिक्षातून उतरून ती घरात आली तेव्हा अँड्र्यू पहिली पाळी करून आला होता. एमआयडीसीतल्या कारखान्यात तो मशीनवर होता आणि त्याच्या हाताला साबणानं न जाणारा वास असायचा. राहीबाई शेजारी बातमी द्यायला गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, “गोळ्यांचं विचारलंस?”

“आई होत्या.”

त्यानं दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, “आमच्या कारखान्यातल्या एकाच्या बायकोनं असल्याच कसल्यातरी गोळ्या घेतल्या होत्या म्हणे, पोटात मूल असताना.”

“मग?”

“मग काय. नकोच ते. बंदच कर. इतके दिवस घेतल्यास, बरीच आहेस की आता.” त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो मायेनंच बोलत होता. ते मूल कसं झालं, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी प्रार्थना गावच्या पावसाला पोचली तेव्हा तिनं गाठीला हात लावला नाही. आपण इतके दिवस त्याला, किंवा तिला, नकळत काय पाजत आलो असू, या विचारानं तिचं अंग गार पडलं. मिटल्या डोळ्यांनी तिनं पहिल्यांदाच राहीबाईंची प्रार्थना शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकली. “आन् बापा, माज्या सुनंला तू औषिदाबिगर बरं केलंस,” त्या रोज म्हणत असत, आजही म्हणाल्या. आता ते खरं झालं होतं.

पुढचे दिवस मळमळीत गेले. डोकं गरगरे, घाम फुटे, झोप तुकड्यातुकड्यांनी येई, डोळे हलवले तरी कानात काहीतरी झिणझिणल्यासारखं होई. हे सगळं पोटातल्याच्या नावावर जमा झालं. “लागतंच असं,” राहीबाई म्हणत, “अँड्र्यूच्या टायमाला म्या तर आडव्याची उभी हुत न्हवते.” त्या शेपूची भाजी करीत, गरम भाकरी कुस्करून पुढं ठेवीत, “दोन घास त्याच्यासाठी खा” म्हणत. ती खाई आणि ओके. मग ओकणं थांबलं, आणि ज्याला थांबायचं कारण नव्हतं तेही एकेक थांबत गेलं. भाजीचा वास गेला. लष्कराच्या गाड्या गेल्या. शाळेत मुलं तोंडं उघडमीट करीत उभी असायची आणि तिला वाटायचं, एवढ्या सगळ्यांना रोज जेवायला घालून, कपडे घालून इथं पाठवतं तरी कोण, आणि कशाला. घरी यायला ती चितळे रस्त्यावरून चालत निघाली की बाजाराच्या गर्दीत मध्येच उभी राही. माणसं दोन्ही बाजूंनी जात. आपण आई होणार आहोत, हे ती स्वतःला सांगे. ते शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं ऐकू येई. राहीबाईंनी पुन्हा शुक्रवार धरला, मग बुधवारही धरला. या वेळी त्या मोठ्यानं प्रार्थना करीत, शब्दांवर जोर देत, आणि कधी कधी कृपाला मिटल्या डोळ्यांतूनही कळे की त्या मध्येच थांबून तिच्याकडे बघताहेत. म्हातारीचा चेहरा उपासांनी ओढला होता. त्याचं तिला वाईट वाटायला हवं होतं.

एक दिवसाआड नळाला पाणी येई. त्या दुपारी पाण्याचा आवाज थांबला म्हणून ती गच्चीवर टाकी भरली का बघायला गेली, लोखंडी झाकण उचललं आणि आत बघत राहिली. पाणी काळं आणि स्वस्थ होतं. त्यात आभाळाचा एक तुकडा आणि तिचं डोकं होतं. तिला वाटलं, इथं किती शांत आहे. एवढंच वाटलं. ओढ नव्हती, दुःख नव्हतं. हात झाकणाच्या कडेवर होते आणि कड उन्हानं तापलेली होती, हे तिला बऱ्याच वेळानं, तळवे भाजल्यावर कळलं. खालून राहीबाईंनी हाक मारली, “कृपे, भरली का गं टाकी?” तिनं झाकण लावलं. जिन्यावरून उतरताना तिच्या ध्यानात आलं की आपण तिथं उभे होतो त्या सगळ्या वेळात पोटातलं मूल आपल्याला एकदाही आठवलं नाही. ती जिन्यातच बसली. मग मात्र तिला भीती वाटली. कितीतरी दिवसांनी काहीतरी वाटलं होतं, आणि ती ते घट्ट धरून, कुठं सांडू नये अशी, अँड्र्यू येईपर्यंत तशीच बसून राहिली.

माळीवाड्यातल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत. “बंद करायला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. अँड्र्यू चपलांकडे बघत होता.

“एकाएकी बंद करायला नको होत्या. आधी मला विचारायचं.” त्यांनी तिचा जुना कागद पुढं ओढला. “हे बघा, गोळ्यांनी काही म्हणजे काहीच होणार नाही, असं मी सांगणार नाही. असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे जाऊ नका. या गोळ्या जुन्या आहेत, पुष्कळ आयांनी पोटुशी असताना घेतल्यात, त्यांची मुलं धडधाकट आहेत, एवढं आम्हाला माहीत आहे. बाळ जन्मल्यावर काही दिवस किरकिरं असू शकतं, थरथरतं, त्याच्यावर नजर ठेवावी लागते. हा एक धोका. आणि तुम्ही जेवत नाही, झोपत नाही, टाकीत बघत उभ्या राहता, हा दुसरा. पहिल्याबद्दल सगळे विचारतात. दुसऱ्याबद्दल कुणी विचारत नाही. पण तोही बाळाच्याच अंगाला लागतो.”

“मग काय करायचं?” अँड्र्यूनं विचारलं.

“थोड्यापासून परत सुरू करू. पण बाळंतपण करणाऱ्या बाईंना हे माहीत असलं पाहिजे. त्यांना अंधारात ठेवून मी देणार नाही.”

“तिथं आई बरोबर असते,” अँड्र्यू म्हणाला. “तिला कळेल.”

“मग कळू दे की,” डॉक्टर म्हणाले. त्यांना साक्ष माहीत नव्हती. मंडळीच्या बाहेरच्या माणसाला ते समजावूनही सांगता आलं नसतं. राहीबाईंनी उभ्या आयुष्यात दिलेली ती एकच साक्ष होती. नवरा मास्तर होता तेव्हा तो बोले आणि त्या मागं बायकांत बसत. तो गेल्यावर त्या पहिल्यांदा मंडळीसमोर उभ्या राहिल्या, ते सुनेसाठी. आता चर्चमध्ये बायका त्यांना पुढच्या बाकावर जागा देत होत्या, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला आवर्जून बोलावत होत्या. ते सगळं एका पिवळ्या गोळीवर उभं होतं, आणि ती गोळी बाहेर काढायची होती. स्कूटरवर मागं बसून कृपा विचार करीत राहिली. एका बाजूला मूल होतं, एका बाजूला म्हातारी. मधल्या जागी आपण कुठं आहोत, ते तिला दिसत नव्हतं.

पुढच्या खेपेला राहीबाई बरोबर आल्याच. तीच खुर्च्यांची जोडी, तेच बाळाचं चित्र. डॉक्टरीणबाई वजनाचा आकडा बघून म्हणाल्या, “वाढायचं सोडून उतरलंय. खात नाही का?” राहीबाई बोलायला लागणार होत्या. त्याआधी कृपा म्हणाली, “मी मागे नाही म्हणाले होते ते खोटं होतं. डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या. दोन वर्षं. दिवस राहिल्यावर मीच बंद केल्या.” तिचा आवाज तिला सपाट ऐकू आला. मुलांची हजेरी घेताना असायचा तसा. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. राहीबाई बाळाच्या चित्राकडेच बघत होत्या.

“म्हंजी,” त्या सावकाश म्हणाल्या, “म्या साक्ष दिली तवा बी चालूच हुत्या?”

“हो, आई.”

“कसली साक्ष?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मग त्या रागावल्या, पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही म्हणून. माळीवाड्यातल्या डॉक्टरांचा नंबर घेऊन त्यांनी तिथूनच फोन लावला, बराच वेळ इंग्रजीत बोलल्या. फोन ठेवून त्या म्हणाल्या, आज संध्याकाळपासून अर्धी गोळी सुरू करा. राहीबाईंनी विचारलं, “बाई, पोराला काय हुईल का त्या गोळ्यांनी?”

“बहुतेक काही नाही होणार, आजी. खात्री कुणीच देत नाही. पण आईच जागेवर नसेल तर पोराकडे बघायचं कुणी?”

राहीबाईंनी मान हलवली, ती कळल्याची का नुसतीच, ते समजलं नाही. रिक्षात त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. शहरातल्या दिल्ली गेटापाशी गाड्या अडकल्या होत्या, कंडक्टर ओरडत होते. कृपा म्हणाली, “आई.” त्या म्हणाल्या, “गप बस. वारं लागंल.”

नेमकी त्या संध्याकाळी महिला मंडळाची प्रार्थना त्यांच्याच घरी होती. सतरंज्या जोडून अंथरल्या गेल्या, बायका आल्या, दाराशी चपलांचा ढीग झाला. अँड्र्यूची दुसरी पाळी होती. त्यानं निघताना कृपाकडे एकदा बघितलं आणि स्कूटरला किक मारली. मंडळातल्या चांगुणाबाई पदर सावरत राहीबाईंच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “काय पण साक्ष दिली हुती तुमी! आजून सांगते मी माज्या म्हायेरी. बिनऔषिदाचं!” राहीबाई उठल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. त्यांनी सगळ्यांना पेले दिले. कृपा भिंतीला टेकून बसली होती. पदराला गाठ होती, गाठीत अर्धी केलेली पिवळी गोळी होती. म्हातारी आता सांगून टाकील, की या बायांनाच हिच्यासाठी प्रार्थना करायला लावील, की मंडळीसमोर मान खाली गेली म्हणून रडेल. यातलं काहीही होईल आणि त्यातून गोळी उद्यापासून घरात राहील किंवा राहणार नाही, हे तिला दिसत होतं. ती वाट बघत होती. डोळे मिटले गेले.

राहीबाईंनी सुरुवात केली. उपकार झाले. पाळकसाहेबांचा गुडघा झाला. राज्यकर्ते झाले. गावाच्या आधी त्या थांबल्या, आणि त्या कधीच तिथं थांबत नसत. “आन् बापा,” त्या म्हणाल्या, “म्या साक्ष दिली हुती. मला जेवडं दिसलं तेवडं म्या बोलले. बाकीचं तुला दिसत हुतं. तू कोनाच्या हातून काय देतूस, ते आमाला कुटं ठाव आस्तंय.” चांगुणाबाई “आमेन, आमेन” असं पुटपुटल्या. मग प्रार्थना नेहमीच्या वाटेला लागली, नेवाशाकडं वळली, गावच्या पावसाला पोचली. कृपाची बोटं सवयीनं गाठीकडे गेली. तोंड कोरडं ठक्क पडलं होतं. गाठ सुटेना म्हणून तिनं डोळे किलकिले केले, तर समोर राहीबाईंचे डोळे उघडे होते. डोळे मिटलेल्या सगळ्या तोंडांच्या मधून त्या सरळ तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ प्रवरेच्या पाण्यासाठी विनवणी करीत होते. त्यांचा हात सतरंजीवरून पुढं आला. स्वतःपुढचा, तोंड न लावलेला पाण्याचा पेला त्यांनी बोटांनी हळूहळू, आवाज न करता, तिच्या गुडघ्यापर्यंत सरकवला. कृपानं गोळी तोंडात टाकली आणि पेला उचलला. राहीबाई आजाऱ्यांची नावं घ्यायला लागल्या. माहीत होती ती संपली तेव्हा आठवतील तशी गावातली घेतली, मेलेल्यांचीसुद्धा घेतली, आणि पेला रिकामा होऊन खाली टेकेपर्यंत त्यांनी आमेन म्हटलं नाही.